तीन शेतांचे गाव

आमच्या वाड्यातली पोरे दिवाळीच्या आठ दिवस आधीपासून किल्ल्याच्या मागे लागतात. पोती, दगड, विटांचे तुकडे आणि माती, माती, माती! नळाखालचा चिखल संपला की कुणाच्या तरी तुळशीवृंदावनावर धाड पडते. गेल्या खेपेस हा उद्योग चालला असताना शेजारची मुलगी ओट्यावर येऊन बसली. ही मुलगी वैद्यकीच्या शिक्षणासाठी कीवला गेली होती. २०२२ च्या मार्चात शिक्षण अर्धे टाकून, एका पिशवीनिशी, चार देशांच्या सीमा पाहत परत आली. पुढे ते तिने दुसऱ्या देशात पुरे केले. पोरे किल्ल्याखाली मातीचे घर करीत होती. दोन बोटांएवढी भिंत, काडीचे दार, आत चूल. ती बघत राहिली आणि म्हणाली, "काका, अशी मातीची घरं तिकडे जमिनीत सापडतात. पाच-सहा हजार वर्षांची. आत चूलसुद्धा असते."

या सदरासाठी दरसालच्या रिवाजाप्रमाणे मी गाव शोधत होतो. ते असे अंगणातच सापडले.

गावाचे नाव त्रिपिल्या. युक्रेनची राजधानी कीव. तिच्या दक्षिणेला चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर, नीपर नदीच्या उजव्या काठावर हे गाव आहे. तिकडे नदीला द्निप्रो म्हणतात. वस्ती तीन हजारांच्या आतबाहेर. म्हणजे आपल्याकडे ज्या गावाला आठवड्याचा बाजार असेल-नसेल, तेवढे. मराठीच्या मास्तराला पहिला आनंद झाला तो नावाचा. 'त्रि' म्हणजे तीन, आणि 'पोल्ये' म्हणजे शेत, मैदान. त्रिपिल्या म्हणजे तीन शेते. आपला 'त्रि' आणि त्यांचा 'त्रि' एकाच आजीची नातवंडे, हे भाषाशास्त्राचे विद्यार्थी पहिल्या वर्षी शिकतात आणि दुसऱ्या वर्षी विसरतात. ही तीन शेते कोणती, तर ओढ्या-नद्यांनी वेगळी केलेली तीन खोरी, असे गावकरी सांगतात. स्तुह्ना नावाची नदी इथे नीपरला येऊन मिळते, आणि क्रास्ना नावाची आणखी एक छोटी नदी गावातूनच जाते. 'क्रास्ना' म्हणजे सुंदर.

जागा कशी आहे ते आधी डोळ्यांपुढे आणावे, म्हणजे पुढचा इतिहास समजायला सोपा जाईल. नीपरचा डावा काठ सपाट आहे; नजर पोहोचेल तिथवर कुरणे आणि वाळू. उजवा काठ मात्र एकदम उंच उठलेला. हा डोंगर दगडाचा नव्हे. हिमयुगात वाऱ्याने आणून टाकलेली पिवळी, पिठासारखी बारीक माती थरावर थर साचून हे उंचवटे झाले. पावसाने त्यांत खोल घळी पाडल्या आहेत. या पिवळ्या मातीच्या डोक्यावर काळ्या मातीचा जाड थर. काळी माती म्हटली की आपल्या दख्खनी शेतकऱ्याचे कान टवकारतात. पण ही काळी वेगळी. आपली काळ्या कातळाची झीज होऊन झाली, त्यांची हजारो वर्षांचे गवत कुजून. कुळ निराळे, पण जिव्हाळा तोच. जिच्यात धान्य पेरावे तीच माती कालवून भिंत उभी करावी आणि तिचेच मडके करावे, ही सोय ज्या जागी आहे तिथे माणूस वस्तीला येणारच.

तो आला होता फार पूर्वी. पण ते कळायला १८९६ साल उजाडावे लागले.

विकेंती ख्वोइका हा गृहस्थ मूळचा चेक. १८५० साली बोहेमियात जन्मला, १८७६ साली कीवला आला आणि तिथे मास्तरकी करू लागला. (मास्तर लोक रिकाम्या वेळात काय काय करतात, याची ही एक साक्ष. आमच्यापैकी बहुतेक जण पाठ्यपुस्तकांची मार्गदर्शके लिहितात.) ख्वोइकाला शेतीचा आणि जमीन उकरण्याचा, असे दोन्ही नाद. कीवमध्ये त्याला जुन्या वस्तीच्या खुणा लागल्या. मग १८९६–९७ च्या सुमारास त्रिपिल्याच्या परिसरात त्याने खणायला सुरुवात केली. हाती आले ते भाजलेल्या मातीचे पट्टेच्या पट्टे आणि त्यांवर मडकी. मडक्यांवर तांबड्या, काळ्या, पांढऱ्या रंगांची नक्षी. एकातून एक निघणारी, कुठे सुरू झाली आणि कुठे संपली ते न कळणारी वळणे. शिवाय मातीच्या लहान लहान स्त्रीमूर्ती. १८९९ साली कीवला पुरातत्त्वज्ञांची मोठी परिषद भरली. तीत ख्वोइकाने आपली सामग्री मांडली आणि त्या गावाचे नाव संस्कृतीला चिकटले. त्रिपिल्या संस्कृती. शेजारच्या रुमानियात याच लोकांच्या खुणा १८८४ मध्ये कुकुतेनी नावाच्या खेड्यात सापडल्या होत्या, म्हणून काही जण जोडनाव लावतात: कुकुतेनी-त्रिपिल्या. काळ म्हणाल तर ढोबळमानाने इसवी सनापूर्वी ५००० ते ३०००. म्हणजे मिसरचे पिरॅमिड बांधले जाण्याच्या आधी ही मंडळी आपला संसार आटोपून गेलेली.

इथे मला थोडे आपल्या घराकडे वळू द्या. मी राहतो तिथून सायकलीने अर्ध्या-पाऊण तासावर, प्रवरेच्या काठी, जोर्वे नावाचे गाव आहे, संगमनेर तालुक्यात. १९५०–५१ साली ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी तिथे उत्खनन केले. तांबड्या मडक्यांवर काळी नक्षी असलेली, टणक, खणखणीत वाजणारी खापरे निघाली, आणि महाराष्ट्राच्या ताम्रपाषाण युगातल्या एका अख्ख्या संस्कृतीला जोर्वे हे नाव मिळाले. आज जगातल्या कुठल्याही विद्यापीठात भारताच्या प्रागितिहासाचा विद्यार्थी 'जोर्वे' म्हणतो. जोर्व्याच्या एसटीत बसलेल्या माणसाला हे सांगून पाहा. तो नम्रपणे ऐकेल आणि उसाच्या भावाकडे वळेल. त्याचे काही चुकते असे मला वाटत नाही. नाव मोठे झाले तरी गाव मोठे होत नाही. त्याच्या वाटणीचे पाणी, वीज आणि कर्ज तेवढेच राहते.

त्रिपिल्याचे तसेच. ख्वोइकाने खणले त्या काळच्या त्रिपिल्यातला शेतकरीही कुडाच्याच घरात राहत होता. काठ्या-फांद्यांची विणलेली भिंत, तिला भुसा कालवलेल्या मातीचा लेप, वरून पांढरी माती, डोक्यावर गवताचे छप्पर. युक्रेनी माणूस या घराला 'हाता' म्हणतो. शब्द आपल्या कानांना चमत्कारिक लागतो, पण घर पाहिले तर कोकणातली आजीही म्हणेल, "सारवण बरे केले आहे हो." आणि त्याच्या नांगराच्या फाळाखाली, हातभर खोलीवर, पाच हजार वर्षांपूर्वीची घरे होती, ती कशाची? कूड आणि भुसा कालवलेली माती. त्या मातीत धान्याच्या तुसांचे ठसे आजही दिसतात.

ख्वोइकाची मात्र एक चूक झाली. भाजलेल्या मातीचे ते पट्टे म्हणजे मृतांची घरे असावीत, असे त्याला वाटले. इतकी मडकी, इतकी राख, आणि राहत्या घराचा पत्ता नाही. दुसरे काय असणार? ती राहती घरेच होती हे पक्के व्हायला आणखी चाळीस वर्षे गेली. ती हकीकत पुढे येईल. पण ख्वोइकाला हसू नये. घर एवढे भाजेल कसे, हा त्याला पडलेला प्रश्न आजही पुरता सुटलेला नाही. साधी आग लागली तर कुडाची भिंत काळी पडते, ढासळते; विटेसारखी लाल होत नाही. त्रिपिल्या लोकांच्या वस्त्याच्या वस्त्या मात्र भट्टीत घातल्यासारख्या भाजलेल्या सापडतात. हल्लीच्या संशोधकांनी तशी घरे बांधून, आत सरपण रचून, ती जाळूनही पाहिली. सरपण लागते ते अलोट. चुलीतली ठिणगी उडून हे होत नाही, असे त्यांतल्या बऱ्याच जणांचे मत झाले. मग काय, पिढी सरली की लोक आपल्या हाताने आपले घर जाळीत होते? भांडीकुंडी आत तशीच ठेवून? शत्रूने जाळले म्हणावे, तर दोन हजार वर्षे सगळीकडे शत्रूला एकच रीत कशी सुचली? कुणी म्हणतो विधी, कुणी म्हणतो रोगराई, कुणी म्हणतो घरालाही मरण असते आणि त्यालाही अग्नी द्यावा लागतो.

हे शेवटचे मत मला पटते की नाही ते ठाऊक नाही, पण ते डोक्यातून जात नाही. कारण या लोकांचे आणखी एक कोडे आहे. त्यांची मडकी हजारोंनी मिळतात. त्यांचे मृत मिळत नाहीत. मोठमोठ्या वस्त्यांच्या मानाने दफने अगदी मोजकी. आपल्या जोर्वे लोकांचे नेमके उलटे. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. तिथे डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी १९६८ पासून बारा-तेरा हंगाम खणले. तिथे माणसे आपल्या मृतांना राहत्या घराच्या जमिनीखालीच पुरीत होती. लेकरू गेले तर दोन मडक्यांची तोंडे एकमेकांना जुळवून त्यात त्याला निजवायचे आणि वरच्या सारवलेल्या जमिनीवर पुन्हा चूल मांडायची. घर तेच, जाणे-येणे तेच. एकाने मृत घरात ठेवले. दुसऱ्याने घरच मृतासारखे जाळले, आणि माणसे कुठे गेली ते सांगून ठेवले नाही.

त्या शेजारच्या मुलीने सांगितलेली मातीची घरे ती हीच. त्रिपिल्या वस्त्यांतून वीतभर लांबीच्या घरांच्या प्रतिकृती मिळाल्या आहेत. काहींना छप्परच नाही. वरून पाहावे तर आत घुमटी भट्टी, रांजणांची ओळ, आणि एकीत तर धान्य दळायला ओणवी झालेली इवलीशी बाई. देवघर म्हणा, खेळणे म्हणा. शास्त्रज्ञ 'धार्मिक' म्हणतात. न कळलेल्या वस्तूला शास्त्रज्ञ नेहमीच धार्मिक म्हणतात.

या संस्कृतीची सर्वांत मोठी गावे त्रिपिल्याजवळ नाहीत, हेही सांगून टाकतो. ती आणखी दक्षिणेला, उमान शहराच्या बाजूला. १९६० नंतरच्या दशकात शिश्किन नावाच्या लष्करी नकाशातज्ज्ञाने विमानातून घेतलेल्या छायाचित्रांत शेतांमध्ये प्रचंड लंबवर्तुळे पाहिली. ताल्यांकी, मायदानेत्स्के, नेबेलीव्का. ताल्यांकीचा विस्तार तीनशे हेक्टरांहून जास्त. घरांच्या ओळी एकात एक कड्यांसारख्या, मध्ये मोकळी जागा. त्यात ना राजवाडा, ना तटबंदीचा थाट. हजारो माणसे राजाशिवाय कशी नांदली, यावर विद्वानांची भांडणे चालू आहेत. मी ती वाचून हेवा केला. आमच्या सोसायटीत अठरा बिऱ्हाडे आहेत.

आता तीन शेतांवरून पुढचे नांगर फिरू द्या. मधल्या हजारो वर्षांवर मी उडी मारतो, कारण ती कुणी लिहून ठेवलेली नाहीत.

कीवच्या राजांच्या काळात या गावाचे नाव त्रेपोल होते आणि ते सरहद्दीचे ठाणे होते. दक्षिणेला गवताळ मैदाने. त्यांवरून घोडेस्वारांच्या टोळ्या येत. त्यांना अडवायला कीवच्या दक्षिणेस मैलोगणती मातीचे तट घातलेले आहेत. लोक त्यांना 'सर्पाचे तट' म्हणतात. कथा अशी की एका चामडे कमावणाऱ्या पहिलवानाने माणसे खाणाऱ्या सर्पाला पकडून नांगराला जुंपले आणि त्याच्याकडून दूरवर तास काढून घेतले. उलटलेल्या मातीचा हा तट. शत्रूला मारण्यापेक्षा त्याच्याकडून नांगरट करून घ्यावी, ही कल्पना शेतकऱ्याच्याच डोक्यातून निघणार.

२६ मे १०९३. पोलोव्त्सी नावाच्या घोडेस्वार टोळ्या चालून आल्या होत्या. तीन राजे स्तुह्नेच्या काठी येऊन थांबले: कीवचा स्व्यातोपोल्क, चेर्निहिवचा व्लादिमीर मोनोमाख आणि त्याचा धाकटा भाऊ रोस्तिस्लाव, वय बावीस-तेवीस. नदी फुगली होती. नदी अलीकडे ठेवून तह करावा, असे मोनोमाख म्हणत होता. कीवकरांना लढाई हवी होती. नदी ओलांडली, त्रेपोल मागे टाकले, तटाबाहेर गेले आणि मार खाऊन परत फिरले. तीच नदी आता वाटेत. रोस्तिस्लाव बुडू लागला. मोनोमाखाने त्याला धरायला हात घातला आणि तोही बुडता बुडता वाचला. भाऊ गेला. प्रेत सापडल्यावर कीवला नेले. आईने आणि सगळ्या गावाने त्याच्या कोवळ्या वयासाठी शोक केला, असे बखरकार लिहितो.

आता गंमत पाहा. गंमत म्हणजे हसण्याची नव्हे. हेच बुडणे कीवच्या गुहामठातल्या साधूंनी दुसऱ्या तऱ्हेने सांगितले. त्यांच्या संतचरित्रात आहे की, लढाईवर निघालेल्या रोस्तिस्लावाच्या माणसांनी नदीवर भांडे धुणाऱ्या ग्रिगोरी नावाच्या साधूची टवाळी केली. तो म्हणाला, तुम्हाला पाण्यातच मरण आहे. राजपुत्र संतापला आणि त्याने साधूचे हातपाय बांधून त्याला पाण्यात टाकविले. म्हणजे बखरीतला लाडका धाकटा भाऊ मठात खुनी ठरतो. आणि तिसरा साक्षीदार कवी. शंभर वर्षांनंतरच्या 'ईगोरच्या स्वारीची कथा' या काव्यात स्तुह्ना नदीलाच दोष दिला आहे. दुसरे ओढे गिळून फुगलेली दुष्ट नदी, तिने पोराला झाकून टाकले. काठावर आई रडते आणि झाडे वाकतात. बखरकार एक सांगतो, साधू दुसरे सांगतात, कवी नदीवर ढकलतो. त्या काव्याची एकमेव जुनी प्रत १८१२ साली मॉस्कोच्या आगीत जळाली; आधी १८०० साली ते छापून झाले होते म्हणून वाचले. मी हा भाग वर्गात सांगतो तेव्हा मागच्या बाकावरची मुलेही क्षणभर मान वर करतात.

एका घटनेच्या तीन गोष्टी, ही या गावाची खोडच दिसते. १९१९ साल घ्या. झारचे राज्य कोसळले होते आणि युक्रेनमध्ये कोण कोणाविरुद्ध लढतो आहे हे महिन्यामहिन्याने बदलत होते. दानिलो तेरपिलो हा त्रिपिल्याचाच मुलगा, जन्म १८८६ चा. 'झेलेनी' म्हणजे हिरवा, या नावाने तो सरदार झाला. हजारो शेतकरी त्याच्यामागे उभे राहिले. आधी तो जर्मनांच्या पाठिंब्याने बसलेल्या हेतमानाविरुद्ध लढला, मग युक्रेनी सरकारशी त्याचे फाटले, मग धान्य उचलून नेणाऱ्या बोल्शेविकांविरुद्ध त्याने बंड केले. त्याला मोडायला कीवहून जी पथके आली त्यांत तरुण कम्युनिस्टांची, कोम्सोमोलची, एक तुकडी होती. कारखान्यातली, शाळेतली पोरे. बरीच वीसच्या आतली. १९१९ च्या जुलैच्या आरंभी ती त्रिपिल्यात कोंडली गेली. सुमारे शंभर जण मारले गेले. काहींना उंच काठावरून नीपरमध्ये लोटले. झेलेनीही त्याच वर्षी मेला.

सोव्हिएत राज्य आल्यावर त्रिपिल्या हे नाव शाळेतल्या पोरांना मडक्यांसाठी नव्हे, या पोरांसाठी शिकवले जाऊ लागले. १९२६ साली यावर चित्रपट निघाला. काठावर स्मारक उभे राहिले. झेलेनी झाला डाकू. १९९१ साली युक्रेन स्वतंत्र झाल्यावर पारडे फिरले. झेलेनी झाला देशभक्त, आणि बुडालेल्या पोरांचा विषय निघाला की लोक दुसरीकडे बघू लागले. दोन्ही बाजूंची मुले त्याच मातीत आणि त्याच पाण्यात गेली, आणि दोन्ही बाजूंना आया होत्या.

या सगळ्यात एक गोष्ट मात्र अशी आहे जिची एकही कथा कित्येक वर्षे कुणी सांगितली नाही. १९३२–३३. स्टालिनच्या सरकारने सामुदायिक शेतीची सक्ती केली, धान्याचा ठरवलेला वाटा गावागावांतून उकरून नेला आणि भुकेल्या खेडुतांना वेशीबाहेर पडायची बंदी केली. लाखो माणसे मेली. कीव आणि खार्कीव हे प्रांत सर्वांत जास्त भरडले. जगातल्या उत्तम काळ्या मातीवर माणसे गवत आणि झाडाची साल खाऊन मेली. मेलेल्यांची नावे धड नोंदली नाहीत. १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीपर्यंत 'दुष्काळ' हा शब्द उघडपणे उच्चारायची सोय नव्हती.

आणि १९३४ साली, म्हणजे त्या भुकेच्या दुसऱ्याच वर्षी, त्रिपिल्याच्या शेजारच्या हालेप्या गावात कोलोमिइश्चिना नावाच्या जागी मोठे उत्खनन सुरू झाले. तात्याना पास्सेक या विदुषीचे नाव त्याच्याशी कायमचे जोडले गेले आहे. काम नमुनेदार झाले. तुकड्या-तुकड्याने नाही, तर घर न् घर उलगडून पाच हंगामांत अख्खी वस्ती उघडी केली: वर्तुळाकार मांडलेली एकोणचाळीस घरे. भट्ट्या, दळायचे दगड, धान्याचे मोठे रांजण. ख्वोइकाची 'मृतांची घरे' ही जिवंत माणसांचीच घरे होती हे इथे सिद्ध झाले. पास्सेकबाईंचा ग्रंथ १९४९ साली आला, त्याला सरकारी पारितोषिक मिळाले, आणि आजही त्याचा आधार घेतला जातो.

मी हे वाचले त्या रात्री बराच वेळ दिवा घालवला नाही. विदुषीला मी दोष देत नाही. त्या काळी बोलणे म्हणजे काय होते ते मला इथे बसून सांगायचा अधिकार नाही. पण त्या प्रांतातले १९३४ चे एखादे खेडे डोळ्यांपुढे आणा. मागच्याच वसंतात जिथे घरेच्या घरे रिकामी पडली, तिथे शहराची मंडळी येतात, पाच हजार वर्षांपूर्वीच्या रांजणात कोणता गहू होता त्याचे ठसे भिंगाखाली तपासतात आणि वहीत लिहितात. लिहायला हवेच होते. रांजणात गहू होता, हे कळले ते चांगलेच झाले. मात्र ज्यांच्या कणगीत मूठभरही उरला नव्हता त्यांची वही कुणाजवळ नव्हती.

पुढचे भराभर सांगतो. जर्मन आले आणि गेले. १९७० नंतर खाली कानीवला धरण झाले, नीपर फुगून तलावासारखी पसरली आणि स्तुह्नेच्या मुखाजवळची जुनी कुरणे पाण्यात गेली. रोस्तिस्लाव कुठे बुडाला ते आता दाखवता येणार नाही. गावाला लागून औष्णिक विजेचे मोठे केंद्र उभे राहिले. १९६९ च्या सुमारास पहिला संच चालू झाला, सहाही संच मिळून ताकद १८०० मेगावॅट. कामगारांसाठी युक्राइन्का नावाचे शहर वसले. उंच धुराडी आणि त्यांच्या सावलीत तीन शेते. केंद्राला नाव त्रिपिल्याचेच. संस्कृतीला नाव दिले, विजेला दिले. गावाने नाव देण्यात कधी हात आखडता घेतलेला नाही.

स्वातंत्र्यानंतर मडक्यांना मानाचे दिवस आले. गावात पुरातत्त्वाचे संग्रहालय आहे. २००५ ते २०१० या काळात राष्ट्राध्यक्ष असलेल्या युश्चेंकोंना या नक्षीचा मोठा ओढा होता. पण मान वाढला तशी चोरीही वाढली. रात्री शेते उकरून मडकी विकणाऱ्या टोळ्या निघाल्या. आणि दुसऱ्या जातीचे उकरणारेही निघाले. कुणी लिहिले, त्रिपिल्या म्हणजे सुमेरी काव्यातले 'अरट्टा', जगातले पहिले राज्य. कुणी तिथून थेट आपल्या ऋग्वेदापर्यंत दोर बांधला. पुरातत्त्वज्ञ हे मानीत नाहीत. मला या मंडळींचा राग येत नाही, ओळख पटते. अशी पुस्तके आमच्या ग्रंथालयातही पहिल्या कपाटात असतात आणि सर्वांत जास्त वाचली जातात. ज्याचे मन वर्तमानात फार वेळा मोडले, तो मागे जाऊन मोठे घर बांधतो.

२४ फेब्रुवारी २०२२ ला रशियाने युक्रेनवर चौफेर आक्रमण केले. आमची शेजारीण त्यानंतरच्या आठवड्यात परतली. ती म्हणते, सायरन वाजला की तळघरात जायचे, आणि दिवे गेले की पहिल्यांदा आठवण व्हायची ती त्या धुराड्यांची. कीवच्या दक्षिणेला फिरायला गेले की ती दुरून दिसत. ११ एप्रिल २०२४ च्या पहाटे त्या वीजकेंद्रावर क्षेपणास्त्रे आली. अकरा आली, सात पाडली, चार पाडायला आमच्याजवळ क्षेपणास्त्रेच उरली नव्हती, असे राष्ट्राध्यक्ष झेलेन्स्कींनी नंतर सांगितले. सारे केंद्र जळून गेले. कीव, चेर्कासी आणि झितोमिर या तीन प्रांतांना सर्वांत जास्त वीज देणारे केंद्र ते. मुलीने मला भ्रमणध्वनीवर त्याचे चित्र दाखवले. यंत्रगृहाचे छत नाही, आतून ज्वाळा. मी काही बोललो नाही. तिनेही चित्र लगेच बंद केले.

तिच्या त्या एका पिशवीत, कपडे आणि प्रमाणपत्रे यांच्या मध्ये, गुंडाळलेले एक मडके होते. खरे जुने नव्हे. कीवच्या आंद्रिइव्स्की उतारावर कारागीर बसतात, त्यांच्याकडून घेतलेले, त्रिपिल्याच्या नक्षीचे. सीमेवरच्या रांगेत तिने आणलेला स्वेटर कुणाला तरी दिला, पुस्तके टाकली, पण हे टाकले नाही. "का ग?" म्हटले तर म्हणाली, "काका, फुटलं असतं तर टाकलं असतं. फुटलंच नाही."

यंदा पोरांचा किल्ला पुन्हा अंगणात उभा आहे. तिने ते मडके पोरांना वापरायला दिले. त्यांनी ते तटाशी गळ्यापर्यंत मातीत पुरले आणि पाण्याने भरून त्याचे टाके केले. नक्षी सगळी आत गेली, फक्त काठ दिसतो.